आपल्या कानांचं इंग्रजी

इंग्रजीत एकमेकांच्या जागी घुसणाऱ्या शब्दांवर इंग्रजांनी स्वतः भरपूर लिहून ठेवलं आहे. हेन्री फाउलर आणि त्याचा धाकटा भाऊ फ्रान्सिस यांनी मिळून लिहिलेलं 'द किंग्ज इंग्लिश' 1906 साली आलं. फ्रान्सिस 1918 मध्ये गेला, आणि पुढचं मोठं काम हेन्रीने एकट्याने तडीस नेलं. 1926 मध्ये प्रसिद्ध झालेली त्याची 'अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज' आजही लिहित्या माणसांच्या टेबलावर असते. माझ्याही आहे, आणि तिचे उपकार मी मानतो. तरीही मराठी माणसाच्या हाती ती दिली, तर त्याचं निम्मंच काम होतं. ती लिहिली आहे इंग्रजी घरात ऐकत वाढलेल्यांसाठी, आणि त्यांच्या चुका वेगळ्या असतात.

एक उदाहरण घेऊ. 'शुड हॅव' हे शब्द बोलताना आखडून 'शुडव्ह' होतात. इंग्रज मुलाला ते 'शुड ऑफ' असे ऐकू येतात, आणि तो तसेच लिहितो. मराठी शाळेत इंग्रजी शिकलेला माणूस ही चूक सहसा करत नाही. 'शुड हॅव' त्याने ऐकण्याआधी फळ्यावर वाचलेलं असतं, व्याकरणाच्या वहीत उतरवलेलं असतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर ज्या पिढ्या पोसल्या, त्यांना तर इंग्रजी वाक्य मराठी वाक्याच्या बोटाला धरूनच भेटलं. ज्या वाटेने आपण या भाषेपाशी पोचलो, त्या वाटेवरचे खड्डे वेगळे आहेत, आणि फाउलरच्या नकाशात ते नाहीत. हे पुस्तक त्या खड्ड्यांसाठी आहे.

प्लॉट विकायला काढल्याचा इंग्रजी फलक महाराष्ट्रातल्या हमरस्त्यांवर सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्यावरच्या 'फॉर सेल'मधला 'सेल' बहुतेक वेळा एस-ई-एल-एल असा रंगवलेला असतो. तिथे हवा असतो एस-ए-एल-ई. पहिला शब्द क्रियापद आहे, विकणे. दुसरा नाम, विक्री. अशा फलकांचे फोटो मोबाइलवर फिरतात आणि लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. रंगाऱ्याने कानाला जे ऐकू आलं, ते लिहिलं. आणि आपल्या कानाला ऐकू येतो एकच 'सेल'. दुकानात सेल लागतो, घड्याळातला सेल संपतो, पोलिसांचा सायबर सेल तपास करतो, शेजारी जुनी स्कूटर सेल करून टाकतात. यात इंग्रजीतले तीन वेगळे शब्द आहेत. घड्याळातला आणि पोलिसांचा तेवढा एक.

याचं मूळ आपल्या 'ए'मध्ये आहे. इंग्रजीत 'ए'च्या आसपास तीन स्वर वावरतात. त्यातला एक, 'बॅट'मधला, मराठीने वेळीच ओळखला आणि त्याच्यासाठी डोक्यावर अर्धचंद्र दिला. म्हणून 'बॅग' आणि 'बेग' आपण लिहितानाही वेगळे ठेवतो आणि बोलतानाही. उरलेले दोन मात्र एकाच मात्रेखाली राहिले. त्यातला एक आखूड आहे, 'टेन' आणि 'रेड'मधला. दुसरा लांब असून शेवटी 'इ'कडे झुकतो, साधारण 'एइ' असा. इंग्रजाच्या तोंडी 'सेल' म्हणजे विकणे, आणि 'सेइल' म्हणजे विक्री. आपण दोन्ही मधल्याच कुठल्या तरी लांबीवर म्हणतो, आणि मग सगळी रांगच कोसळते. डॉक्टर रक्ताची टेस्ट करायला सांगतात आणि आमटीची टेस्ट छान असते. बॉलपेन आणि पेनकिलर यांत एकच 'पेन' ऐकू येतं. बिल्डिंगला गेट असतं आणि वर्गमित्रांचं गेट-टुगेदर होतं. 'वेट'ने तर कमालच केली आहे: वेट वाढतं, वेट कर म्हणतात, आणि इडलीचं पीठ वेट ग्राइंडरमध्ये वाटतात. वजन, वाट पाहणं आणि ओलं, तिन्ही एकाच ध्वनीत.

यातून सुटायचा मार्ग स्पेलिंगमध्येच आहे, आणि तो शाळेत कुणी एकत्र दाखवत नाही म्हणून इथे सविस्तर सांगतो. आखूड स्वराचे शब्द बहुधा इंग्रजी पाचवं अक्षर, म्हणजे 'ई', एकटं घेऊन चालतात: विकणे, चाचणी, पश्चिम, मिळवणे, लेखणी, ओलं. लांब स्वराचे शब्द पहिलं अक्षर 'ए' घेतात, आणि त्याच्या जोडीला एक तर शेवटी मुका 'ई' असतो, नाही तर लगेच पुढे 'आय'. विक्री, चव, वाया घालवणे, फाटक हे शब्द मुक्या 'ई'चे. वेदना आणि वाट पाहणे हे 'एआय'चे. वजनाचा 'वेट' या शिस्तीत बसत नाही, तो वेगळा लक्षात ठेवावा लागतो. पण लिहिताना हात अडला की तो शब्द एकदा मनात 'एइ' असा ताणून म्हणून पाहावा. ताणलेला बरोबर वाटला तर 'ए' अक्षर येणार. कानाने घातलेला घोळ थोडा सराव केला की कानच निस्तरतो.

अशीच दुसरी जागा 'स' आणि 'झ' यांची आहे. 'वजन घटवा' अशी जाहिरात इंग्रजीत करताना 'लूज'मध्ये एक 'ओ' जास्त पडतो आणि वजन घटण्याऐवजी सैल होतं. सैल म्हणजे 'लूस', दोन 'ओ', शेवटी स्वच्छ 'स'. गमावणे म्हणजे 'लूझ', एक 'ओ', शेवटी 'झ'. मराठीत दोन्ही 'लूज' झाले, कारण लूज मोशनपासून लूज कनेक्शनपर्यंत आपण तो एकच उच्चार पक्का करून टाकला. आता हीच जोडी जरा मोठ्या कुटुंबात ठेवून पाहा. सल्ला 'ॲडव्हाइस', सल्ला देणे 'ॲडव्हाइझ'. उपयोग 'यूस', वापरणे 'यूझ'. जवळचा 'क्लोस', बंद करणे 'क्लोझ'. घर 'हाउस', आसरा देणे 'हाउझ'. नाम किंवा विशेषण असेल तर 'स', क्रियापद असेल तर 'झ'. इंग्रजीने हा भेद शतकानुशतकं सांभाळला आहे, आणि एकदा तो दिसला की पाच जोड्या पाठ करायची गरज राहत नाही.

मराठी माणसाला तो दिसत का नाही, याचं उत्तर मात्र उच्चाराच्याही मागे आहे. मराठीत परकं क्रियापद घेताना आपण त्याचं नाम करतो आणि पुढे 'करणे', 'होणे', 'देणे' लावतो. वकील प्रॅक्टिस करतात. औषधाचा इफेक्ट होतो. वडीलधारे ॲडव्हाइस देतात. वाक्याचा सगळा भार आपल्या मराठी क्रियापदावर असतो, त्यामुळे इंग्रजी शब्दाचं रूप बदलायची वेळच येत नाही. हाच माणूस इंग्रजीत लिहायला बसला की 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' यांच्यापुढे थबकतो. इंग्रजांची इथली अडचण उच्चाराची आहे. भरभर बोलताना दोन्हींचा पहिला स्वर इतका पुसट होतो की फरक उरत नाही. आपण तर 'अ' आणि 'इ' ठणठणीत म्हणतो. आपल्याला प्रश्न पडतो तो क्रियापद कोणतं याचा. म्हणून मी या नोंदीत मराठी वाक्यावरूनच खूण दिली आहे. 'परिणाम' हा शब्द नाम म्हणून एकटा उभा राहत असेल, त्याला 'चांगला', 'वाईट', 'दुसरा' असं विशेषण लावता येत असेल, तर 'इफेक्ट'. 'परिणाम करणे' हे दोन शब्द मिळून एका क्रियेचं काम करत असतील, तर 'अफेक्ट'. 'इफेक्ट' क्वचित क्रियापद म्हणूनही येतो, तेव्हा त्याचा अर्थ 'घडवून आणणे' असा होतो. बदल घडवून आणणे, समेट घडवून आणणे. सरकारी इंग्रजीत तो भेटतो, म्हणून सांगून ठेवलं.

इथवरच्या चुका आपल्या भाषेच्या बाजूने आल्या. काही घोळ मात्र इंग्रजीचे घरचेच आहेत, आणि ते समजायला थोडा इतिहास लागतो. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि स्पेलिंगं हळूहळू गोठू लागली. उच्चार मात्र थांबले नाहीत. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर जागचे हलले. 'पाहणे' आणि 'समुद्र', 'भेटणे' आणि 'मांस', 'आठवडा' आणि 'अशक्त' या जोड्या आज एकसारख्या ऐकू येतात. पूर्वी त्यांचे स्वर निराळे होते, म्हणून स्पेलिंगं निराळी आहेत. सरदाराच्या 'नाइट'मधला 'के' एके काळी खरोखर उच्चारला जायचा. ज्या मुलाला ही स्पेलिंगं उगाच दिलेला त्रास वाटतात, त्याला एवढं सांगितलं तरी त्याचा राग निवळतो, असा माझा अनुभव आहे.

मला सगळ्यात जवळचे वाटतात ते एकाच शब्दाचे दोन झालेले शब्द. मराठीत 'क्षेत्र' आणि 'शेत', 'चक्र' आणि 'चाक' या एकाच घरच्या जोड्या आहेत. वाटा वेगळ्या झाल्या आणि अर्थही वेगळे झाले. इंग्रजीत 'फूल' आणि 'पीठ' हे दोन्ही 'फ्लावर' मुळात एक. धान्य दळून चाळल्यावर जो सर्वांत उत्तम भाग निघतो, तो त्या धान्याचं फूल, अशी ती कल्पना. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या कोशातही या दोघांची फारकत झालेली नाही. 'स्टेशनरी'ची गोष्ट तर आपल्या दर चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत येते. मध्ययुगीन युरोपात फिरत्या विक्रेत्यांच्या गर्दीत विद्यापीठाजवळ एका जागी दुकान मांडून बसणारा पुस्तकविक्या असायचा. जागा न सोडणारा, म्हणून लॅटिनमध्ये तो 'स्टेशनॅरिअस'. इंग्रजीत तो 'स्टेशनर' झाला. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला 1557 मध्ये राजसनद मिळाली आणि देशाच्या छपाईवर तिचा अंमल बसला. पुढे या दुकानात मिळणाऱ्या कागद-दौतीला 'स्टेशनरी' म्हणू लागले. म्हणजे वही-पेनाची स्टेशनरी आणि 'एका जागी उभी असलेली गाडी' मधली 'स्टेशनरी' या सख्ख्या बहिणी. वेगळेपण एका अक्षराचं: दुकानातलीला 'ई', उभ्या गाडीला 'ए'. दुकानाच्या पाटीवर हमखास 'ए' पडतो. लक्षात ठेवायची युक्ती दुकानदाराच्याच नावात आहे. बेकरची बेकरी, ग्रोसरची ग्रोसरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. तिन्ही ठिकाणी 'ई-आर' आणि पुढे 'वाय'.

'प्रिन्सिपल'ची जोडीही अशीच लॅटिनमधून, 'पहिला' या अर्थाच्या मुळातून आलेली. कॉलेजचे प्रिन्सिपल आणि कर्जाचं प्रिन्सिपल, म्हणजे प्राचार्य आणि मुद्दल, हे दोन अर्थ एकाच शब्दाचे आहेत, आणि त्याच्या शेवटी 'ए-एल' आहे. तत्त्व म्हणजे दुसरा शब्द, शेवटी 'एल-ई'. मराठी माणसाला सोपी खूण अशी की जिथे 'मुख्य' म्हणता येईल तिथे 'ए-एल'. मुख्याध्यापकात 'मुख्य' आहेच, आणि व्याज बाजूला काढलं की उरते ती मुख्य रक्कम. कर्जाच्या अर्जात हे चुकलं तर बँक समजून घेते. करारनाम्यात चुकलं तर समोरच्या वकिलाला बोलायला जागा मिळते.

'इट्स'बद्दल दोन ओळी. मालकी सांगणारा 'इट्स' इंग्रजीत तसा नवा आहे, सोळाव्या शतकाच्या अखेरीचा. 1611 च्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या छपाईत तो नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत मालकीच्या 'इट्स'मध्येही अपॉस्ट्रॉफी छापली जायची. आज ती फक्त 'इट इज' किंवा 'इट हॅज' यांच्या संक्षेपात येते. या जोडीवर इंग्रजांनी इतकं लिहिलं आहे की मी भर घालत नाही.

या पुस्तकाचा तिसरा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यातले शब्द इंग्रजीत ना सारखे दिसतात, ना सारखे ऐकू येतात. त्यांची गल्लत इंग्रज कधीच करणार नाही, म्हणून त्यांच्या कुठल्याही यादीत ते नसतात. ते फक्त मराठीत एक आहेत. 'सावली' घ्या. झाडाखाली बसतो ती सावली 'शेड', भिंतीवर आपल्या आकाराची पडते ती सावली 'शॅडो'. 'बोट' हाताचं असेल तर 'फिंगर', पायाचं असेल तर 'टो'. 'उसने' घेतले तर 'बॉरो', दिले तर 'लेंड'. मराठीत एकच शब्द दोन्ही बाजूंना पुरतो, तसा 'परवा' दोन्ही दिशांना पुरतो, आणि आपलं कधी अडत नाही.

'पाय' या शब्दावर मात्र थांबायला हवं. बोलताना आपण मांडीपासून तळव्यापर्यंत सगळ्याला पाय म्हणतो. 'पाऊल' शब्द आहे, पण पडून आलेला माणूस 'माझं पाऊल दुखतंय' असं सहसा म्हणत नाही. इंग्रजीत घोट्याच्या वर 'लेग' आणि खाली 'फुट'. अपघात विम्याच्या दाव्यात पेशंटच्या मुलाने घरी बसून 'लेग' लिहिलं, आणि हॉस्पिटलच्या कागदावर घोट्याखालच्या हाडाचं फ्रॅक्चर असलं, की दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत. मग खुलासे मागवले जातात आणि दावा रेंगाळतो. मुलाने खोटं लिहिलेलं नसतं. त्याने मराठीतला खरा शब्द इंग्रजीत नेला, आणि तिथे तो अर्धाच मावला. 'हात' हाही असाच: मनगटापुढे 'हँड', मागे 'आर्म'.

अर्थाचा असाच घोळ विद्यार्थ्यांच्या पत्रांत 'शंका' करते. वर्गात 'सर, एक शंका आहे' म्हणजे एक प्रश्न आहे. त्याचं 'डाउट' आपल्याकडे इतकं रुळलं आहे की भारतभर कुणालाही ते खटकत नाही. पण परदेशातल्या प्राध्यापकाला 'तुमच्या लेखाबद्दल मला डाउट आहे' असं लिहिलं, तर त्यांना वाटतं की आपल्या लेखाच्या खरेपणावर संशय घेतला. पत्र पाठवणारी मुलगी अतिशय नम्र असते, आणि पत्र उद्धट वाचलं जातं. अशा ठिकाणी 'क्वेश्चन' लिहावं. देशातल्या देशात 'डाउट' चालू द्यायला माझी हरकत नाही. भारतीय इंग्रजीचा तो स्वतःचा शब्द आहे.

'ऐतिहासिक'चं उत्तर सोपं आहे. इतिहासाशी संबंधित ते 'हिस्टॉरिकल', इतिहास घडवणारं ते 'हिस्टॉरिक'. रणजित देसाईंची 'स्वामी' ही हिस्टॉरिकल कादंबरी. 1 मे 1960 हा हिस्टॉरिक दिवस. 'आर्थिक'च्या पोटी 'इकॉनॉमिक' येतो, पण 'इकॉनॉमिकल' तिथे शिरला की अर्थ होतो काटकसरीचा, कमी खर्चाचा. आर्थिक धोरणाला चुकून स्वस्त धोरण म्हणणारे अहवाल मी तपासले आहेत.

सगळ्या चुका सारख्या वजनाच्या नसतात, हे या निमित्ताने ठासून सांगायला हवं. 'प्रिस्क्राइब' म्हणजे नेमून देणे, 'प्रोस्क्राइब' म्हणजे बंदी घालणे. एका स्वराच्या फरकाने अभ्यासक्रमाला लावलेलं पुस्तक बंदी घातलेलं पुस्तक होतं. ब्रिटिश राजवटीने ज्या छापील मजकुरावर बंदी घातली, तो आज ब्रिटिश लायब्ररीत 'प्रोस्क्राइब्ड' या नावाखालीच जपलेला आहे. सावरकरांच्या 1857 वरच्या पुस्तकावर 1909 मध्ये अशीच बंदी आली होती. इथे चूक परवडत नाही. उलट 'लेस' आणि 'फ्यूअर' यांच्यावर लोक विनाकारण रक्त आटवतात. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'फ्यूअर' शोभतं, असं रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने 1770 मध्ये स्वतःची आवड म्हणून लिहिलं. पुढच्यांनी त्या आवडीचा कायदा केला. परीक्षेत तो पाळावा, आणि एरवी या जोडीपायी झोप घालवू नये. या पुस्तकात प्रत्येक नोंदीच्या शेवटी मी स्पष्ट लिहिलं आहे: इथे अर्थ बदलतो, किंवा इथे फक्त पसंतीचा प्रश्न आहे.

संगणकातला स्पेलिंग तपासनीस या कामी फारसा उपयोगी पडत नाही. 'सेल' कोणताही लिहा, दोन्ही शब्द कोशात आहेत, म्हणून तो लाल रेघ ओढत नाही. नवी साधनं वाक्य वाचून सुचवण्या करतात, आणि त्या पुष्कळदा बरोबरही असतात. पण मोडलेला 'पाय' घोट्याच्या वर होता की खाली, हे त्यांना कुठून कळणार? ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतं.

हे पुस्तक लिहिताना माझ्यासमोर एक विशिष्ट वाचक होता. महाराष्ट्रात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीला सुरू व्हायचं. या दोन्ही पिढ्या आज कामाला लागलेल्या आहेत. सोसायटीचा सेक्रेटरी, तालुक्याचा डॉक्टर, दुबईला अर्ज करणारी नर्स, निविदा भरणारा कंत्राटदार, यांपैकी कुणालाही इंग्रजीचं पांडित्य नको आहे. त्यांना आपलं काम उत्तम येतं. त्यांचा अर्ज वाचणाऱ्याचं लक्ष त्या कामावरून एका चुकीच्या अक्षराकडे वळू नये, एवढीच त्यांची गरज आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते.

रचनेविषयी थोडं. नोंदी मराठी वर्णक्रमाने लावल्या आहेत, कारण अडलेल्या माणसाला मराठी शब्द माहीत असतो आणि इंग्रजी हवा असतो. ज्या जोड्या ध्वनीमुळे चुकतात, त्या उच्चाराखाली सापडतील. ब्रिटिश आणि अमेरिकन वळणांचा फरक असेल तिथे दोन्ही दिली आहेत. ब्रिटिश इंग्रजीत 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स' यांची नामं 'सी'ने आणि क्रियापदं 'एस'ने लिहितात. अमेरिकेत 'प्रॅक्टिस'ला दोन्हीकडे 'सी' आणि 'लायसन्स'ला दोन्हीकडे 'एस'. 'ऑल्टरनेट'चंही तसंच. पाणी एक दिवसाआड येतं ते 'ऑल्टरनेट' दिवशी, याबद्दल दुमत नाही. पण 'पर्यायी व्यवस्था' म्हणायचं असेल तर ब्रिटिश वळणात 'ऑल्टरनेटिव्ह'च हवं, अमेरिकेत 'ऑल्टरनेट' चालतं. आपल्या कचेऱ्या आणि न्यायालयं अजून ब्रिटिश वळण पाळतात, म्हणून शंका आली तर ते धरावं. अर्ज अमेरिकन विद्यापीठाला जात असेल तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अमेरिकन ठेवावं, आणि एकाच कागदावर दोन्ही वळणं मिसळू देऊ नयेत.